पन्नास होऊ द्या

“डावं का उजवं, एवढंच सांग की रे. हात माझे घे, पण डोकं तुझंच चालव. माझ्या डोक्यात नुसती तांब्याची तार भरलीय.”

दादानं छताकडं बघितलं.

“झालं! परत छत. अकरा दिवस झाले. त्या छतावर काय लिहिलंय? असलं काही तर मलापण वाचून दाखव.”

“भावोजी, नका त्यांच्या मागं लागू,” वहिनी आतून म्हणाली. “मुलगी बघायला आल्यासारखं रोज काय विचारता, पसंत आहे का, पसंत आहे का? ठरवू द्या त्यांचं त्यांना.”

“ठरवू दे की! मी कुठं आडवा आलोय? पण तो टीव्हीतला गडी तिकडं डोंगरावर दोरीजवळ उभा राहून गारठलाय. अकरा दिवस! माझे पाय असते तर एव्हाना फतकल मारली असती.”

दादाच्या डोळ्यांच्या कडा जरा बारीक झाल्या. ते त्याचं हसणं. आता हसायला तेवढीच जागा उरली होती.

हा जो बडबडत होता, त्याला सगळे थांबाशेठ म्हणतात. शेठ नावापुरता. जळालेल्या मोटारी भरून देणं हा धंदा. मोटार जळाली म्हणजे आतली तार जळते. ती कापून काढायची, लोखंडाच्या खाचा खरवडून साफ करायच्या, लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायची, ती गुंडाळी खाचांत दाबून बसवायची, वर बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, व्हार्निश पाजायचं आणि दिव्याखाली वाळवायचं. यात मेख एकच, मोजणी. बासष्ट वेढे म्हणजे बासष्ट. एकसष्ट झाले तर मोटार तापते, त्रेसष्ट झाले तर रडत फिरते. त्याच्या तार गुंडाळायच्या मशिनीला वेढे मोजायचा काटा होता, पण तो बापाच्या काळातच मेला. तेव्हापासून मोजणी तोंडी. आणि मोजत असताना कुणी बोललं, की हा हँडल न सोडता डावा पंजा वर करून म्हणायचा, “थांबा!” गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, एकदा तर खुद्द सासरा होता, सगळ्यांना तोच पंजा. लग्न टिकलं नाही ते काही त्या पंजामुळं नाही, पण बायको जाताना म्हणाली होती म्हणे, “मी पाच वर्षं थांबले, आता मोजा निवांत.” हे तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यामागं दादाची खोली, मध्ये फक्त पडदा, आणि तोही गाठ मारून वर बांधलेला. दादाला खाटेवरून मशीन दिसावं म्हणून. त्याच्यापलीकडं वहिनीचं स्वयंपाकघर. तीन खोल्या, एका रांगेत, रेल्वेच्या डब्यांसारख्या.

दादा शाळेत शिपाई होता. सव्वीस वर्षं घंटा वाजवली. आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला आणि त्यावर लोखंडी टोला. पोरं त्याला घंटाकाका म्हणायची. एकदा परीक्षेत एक पोरगी शेवटच्या मिनिटाला खाली मान घालून खरडत होती, तर यानं टोला हातात धरून पाच मिनिटं तसाच उभा राहून काढली. हेडमास्तर तापले. दादा म्हणाला, “घड्याळ मागं होतं, सर.” घड्याळ कसलं मागं! पण गडी असा होता. बाहेरून सरकारी, आतून पोरीच्या बाजूचा.

मग एक दिवस तो टोला हातातून निसटला. उचलला, परत निसटला. त्याच्यानंतर शर्टाची बटणं, मग जिना, मग घास. तीन डॉक्टर झाले, तिघांनी एकच सांगितलं. नसा एकेक करून सुकत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. थांबाशेठनं घरी येऊन वहिनीला त्याच्या भाषेत सांगितलं, “वीज आहे, पण तार जळत चाललीय. आणि ही भरून मिळत नाही.”

डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. तर दादाच्या लेकीनं, नोकरीला परगावी जाताना, तिचं खेळायचं मशीन टीव्हीला जोडून बापाच्या हातात दिलं. “बाबा, चेंडू दाबत बसण्यापेक्षा हे दाबा.” दादानं आधी नाक मुरडलं. आठवड्यानं वहिनी सांगत होती, “जेवायला तीनदा हाक मारावी लागते. एवढी ओढ माझी असती तर!”

खेळ असा होता. डोंगरात एक गाव, बर्फानं वेढलेलं. सगळं गाव झोपलंय. शाप म्हणा, आजार म्हणा, कुणी उठत नाही, आणि झोपेत सगळे सुखात आहेत. खेळणारा तेवढा जागा. त्यानं घरोघरी फिरायचं, प्रत्येकाच्या उशाशी बसून त्याचं स्वप्न बघायचं, आणि करत करत वरच्या मनोऱ्यापर्यंत चढायचं. तिथं घंटा. दादाला घंटा दिसली आणि तो जो अडकला तो अडकलाच.

सहा महिन्यांत अंगठे गेले. तेव्हा थांबाशेठ त्याचे अंगठे झाला. दुपारी एक ते चार दुकानाची फळी अर्धी लावायची, खाटेशेजारी स्टूल ओढायचं आणि दादा सांगेल तसं दाबायचं. याची बोटं म्हणजे व्हार्निश लागून लागून झाडाच्या मुळ्या झालेली. पहिल्याच दिवशी त्यानं तो गडी सतरा वेळा दरीत घातला.

“डावीकडं, गाढवा! डावीकडं!” दादाला तेव्हा बोलता येत होतं.

“डावीकडंच नेतोय, तोच उजवीकडं जातोय. तुझ्यासारखाच आहे, ऐकत नाही.”

“अरे, शिडी आहे ती, फर्मा नाही. गोल काय फिरतोस?”

असं चालायचं. मग दादाची जीभ जड झाली, मग नुसते आवाज, मग तेही बंद. मागच्या पावसाळ्यापासून राहिले होते फक्त डोळे. तेव्हा त्यांनी आपसात कायदा ठरवला. एकदा लांब मिटले तर डावं, किंवा हो. दोनदा मिटले तर उजवं, किंवा नाही. छताकडं बघितलं तर थांब. लांबलचक काही सांगायचं असेल तर वहिनीनं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली होती. ती बोट फिरवत जाई, पाहिजे ते अक्षर आलं की दादा डोळे मिटे. काना-मात्रा घरच्यांनी आपल्या मनानं लावून घ्यायच्या.

याला एक पोटकायदा होता, आणि तो अनुभवातून आला होता. झोपेत पापण्या नीट मिटत नसल्यामुळं दादाचे डोळे कोरडे पडायचे, म्हणून दर दोन तासांनी थेंब घालावे लागायचे. थेंब पडले की पापण्या आपोआप मिटायच्या, उघडायच्या, त्यांना ताळतंत्र नसायचं. भर उन्हाळ्यात एकदा वहिनीनं थेंब घालता घालता विचारलं, “पांघरूण घालू का?” डोळे मिटले. बिचारा दुपारभर जाड पांघरुणाखाली शिजत पडला. तेव्हापासून ठरलं, की थेंब घातले की पन्नास मोजायचे, आणि पन्नास होईपर्यंत काहीच विचारायचं नाही. आणि मोठी गोष्ट असली तर दोनदा विचारायची. पन्नास मोजायचं काम अर्थात थांबाशेठचं. घरात मोजणीला त्याच्याइतका पक्का दुसरा कोण?

तर अकरा दिवसांपूर्वी, थांबाशेठ अंगठे झाल्यापासून चौदा महिन्यांनी, तो गडी एकदाचा मनोऱ्यावर पोचला. समोर डाव्या हाताला घंटेची दोरी. उजव्या हाताला खाली उतरणारी वाट.

दोरी ओढली तर गाव जागं होणार. पण कोठारात धान्य नाही, बाहेर बर्फ, अर्धी माणसं वसंत बघायची नाहीत. आणि गावाचा पाव भाजणारा तो म्हातारा भटारी, ज्याच्या स्वप्नात मेलेली बायको रोज त्याच्याबरोबर कणीक मळत असते, त्याची बायको दुसऱ्यांदा मरणार. वाट धरली तर गाव तसंच झोपून राहणार. सुखात. पोरं कधीच मोठी होणार नाहीत, म्हातारी कधीच मरणार नाहीत, आणि कुणाला काही कळणारही नाही.

आणि एकदा दाबलं की दाबलं. लेकीनं फोनवर बजावलं होतं, “काका, हा खेळ मागं जाऊ देत नाही. शेवट झाला की सगळं पुसून पहिल्या पायरीवर आणून सोडतो. बाबांना नीट विचारून दाबा.”

घरात दोन पक्ष पडले. वहिनीचं म्हणणं, “उठवायचं. झोपून राहिलेल्याला काय माणूस म्हणायचं? मरायचं तर जागेपणी मरावं.”

थांबाशेठ म्हणायचा, “उपाशी मारायला उठवता? गाढ झोपलेल्याला जागं करून सांगायचं, चला, उठा, मरायची वेळ झाली? त्यापेक्षा निजू दे की.”

“तुम्ही तर काय, सकाळी आठपर्यंत निजता.”

“म्हणून तर त्यांचं दुःख मला कळतं.”

दादा दोघांकडं आळीपाळीनं बघायचा आणि मग छताकडं.

हे सगळं खेळाचं. पण तो गडी मनोऱ्यावर पोचला त्याच सुमारास डॉक्टर घरी येऊन गेले होते. दादाच्या छातीला नळी लावून ऐकलं, बाहेर दुकानात येऊन एका जळक्या पंख्यावर हात ठेवून बोलले. छातीचे स्नायू आता थकलेत. पुढं दोन रस्ते. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन जोडायचं, म्हणजे वर्षं निघतील, पण हे असंच, आणि पुढं कधी तरी डोळेही जातील. नाहीतर काही करायचं नाही, औषधानं गुंगीत ठेवायचं, त्रास होऊ द्यायचा नाही. “पंधरा दिवसांत सांगा. पण पेशंटला विचारून सांगा. तुमच्या मनानं नको.”

त्याआधी अन्न द्यायला पोटात नळी घातली तेव्हा कुणी दादाला विचारलं नव्हतं. घाई होती, वहिनीनं कागदावर सही केली होती. शुद्धीवर आल्यावर दादानं दोन दिवस तिच्याकडं बघितलं नव्हतं. ज्याला बघण्यापलीकडं काही येत नाही, त्यानं न बघणं म्हणजे काय, हे वहिनीला विचारा. म्हणून या वेळी तिनं पुठ्ठा आणला, सगळं समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. दादानं पाऊण तास घेऊन अक्षरं जुळवली.

खेळ आधी.

“म्हणजे खेळाचा निकाल लावणार आणि मग याचा सांगणार,” थांबाशेठ म्हणाला. “ठीक आहे. ज्याची त्याची रीत.”

म्हणून ती रोजची विचारणा होती. डावं का उजवं. नुसता खेळ असता तर कोण एवढं मागं लागलं असतं? सव्वीस वर्षं माणसानं घड्याळ सांगेल तेव्हा टोला दिला होता. आपल्या मनानं द्यायचा हा एकच उरला होता, आणि तो त्याला सावकाश द्यायचा होता.

बाराव्या दिवशी दुपारी खाटेजवळ स्टूल ओढलं तेव्हा थांबाशेठचं अर्धं लक्ष बाहेर होतं. पिठाच्या गिरणीची मोटार जळून आली होती, तीन गल्ल्यांचं दळण खोळंबलं होतं. एक गुंडाळी फर्म्यावर अर्धी तशीच सोडून तो आत आला होता. बसतोय न बसतोय तोच बाहेर गिरणीवाला.

“ओ थांबाशेठ! झाली का?”

“थांबा!”

“दोन दिवस थांबलोच आहे की! बाया डबे घेऊन माझ्या दारात बसल्यात. आता मलाच दळतील!”

थांबाशेठ उठून बाहेर गेला. फर्मा दाखवला, खाचा दाखवल्या, संध्याकाळचा वायदा केला. गिरणीवाला काही हलेना. इकडची तिकडची उणीदुणी काढत फळीला टेकून उभा राहिला. “तुम्ही आत टीव्हीवर खेळता म्हणे दुपारचं? या वयात?”

“हो. आणि हरतो पण. जाऊ का?”

तो परत आत आला. स्टूलावर बसला, खेळाचं बटणांचं खोकं हातात घेतलं. टीव्हीवर तो गडी, डाव्या हाताला दोरी, वारा सुटलेला.

“बोल दादा. डावं का उजवं?”

दादाचे डोळे मिटले. एकदा. लांब.

अकरा दिवस ज्यानं छत सोडलं नाही, त्यानं आज उत्तर दिलं होतं. दोनदा विचारायचं होतं. पण बाहेर गिरणीवाला खाकरत होता, आणि आनंद झालेला माणूस कुठला नियम पाळतो? थांबाशेठचा तो काळा, खरबरीत अंगठा डाव्या बटणावर पडला.

“भावोजी,” स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, भांडं विसळता विसळता. “आत्ताच थेंब घातलेत हं त्यांना. पन्नास होऊ द्या.”

गड्यानं दोरी धरली आणि ओढली.

थांबाशेठनं सगळी बटणं दाबली. एकदम दाबली, एकेक दाबली. वायर उपटावी म्हणून हात पुढं केला, आणि उपटली तरी काय होणार, हे माहीत नसल्यामुळं तसाच धरून बसला. घंटा वाजली. शाळेच्या रुळासारखी नाही, जड, खोल. खालच्या घरांत एकेक दिवा लागत गेला. पोरं दारांतून बाहेर आली आणि बर्फ बघून ओरडली. काही खाटांवरचं कुणी उठलंच नाही. भटारी उठून बसला, शेजारच्या जागेवर हात फिरवला, जरा वेळ हात तिथंच ठेवला. मग उठला आणि थंडगार भट्टीत लाकडं रचायला लागला.

वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. टीव्ही बघितला, दिराचं तोंड बघितलं. तिला कळलं.

“मी मुद्दाम नाही हो घातले. दोन तास झाले होते. तुम्ही बाहेर होता...”

“तुमचं काही नाही, वहिनी.”

“मला वाटलं, तुम्ही मोजाल.”

“मला वाटलं, मोजायचं काही नाहीच.”

पडद्यावर नावं वर सरकत गेली, कुणाकुणाची, शेकडो. मग अंधार. मग डोंगराचा पायथा, पहिली पायरी, पहिल्या दिवसासारखी कोरी करकरीत.

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं. ते थेंबाचं होतं का त्याचं, ते कोण सांगणार? वहिनीनं पदरानं टिपलं.

थांबाशेठनं आता पन्नास मोजले. वर आणखी पन्नास मोजले. मग वाकून, आवाज खाली आणून विचारलं, “दादा, डावंच म्हणायचं होतं ना तुला?”

दादानं डोळे मिटले नाहीत. छताकडंही बघितलं नाही. तो भावाकडं बघत राहिला.

“का उजवं होतं?”

तसंच.

“का अजून काही ठरलंच नव्हतं?”

तसंच. या बघण्याला त्यांच्या कायद्यात कलमच नव्हतं.

वहिनीनं पुठ्ठा आणला. बोट फिरायला लागलं. त. मग बराच वेळ काही नाही. द. ब. बाहेर गिरणीवाला कंटाळून निघून गेल्याचं पावलांवरून कळलं. ल. स. पंचवीस मिनिटं गेली. वहिनीनं कागदावर अक्षरं लिहिली, काना-मात्रा लावल्या, आणि वाचून न दाखवता कागद दिराच्या हातात दिला.

तू दाबलंस.

“हो,” थांबाशेठ म्हणाला. “मीच दाबलं.”

गप्प बसणं त्याला कधी जमलंच नाही. “परत खेळू. पहिल्यापासून. आता मला शिडी येते, मी दरीत पडणार नाही. चौदा महिन्यांचं काम दहा महिन्यांत करतो, बघच तू.” आणि बोलता बोलता त्याला आपण काय बोलतोय ते कळलं. दहा महिने. ते कुणाच्या हिशेबात होते? मशीन जोडलं तर होते. नाहीतर नव्हते.

वहिनी खाटेच्या कडेवर बसली. तिनं नवऱ्याचा हात मांडीवर घेतला, जड, गार, घंटेचा टोला सव्वीस वर्षं धरलेला. “खेळ झाला,” ती हळूच म्हणाली. “आता ते दुसरं सांगता का? पन्नास झालेत. थेंबाचं काही नाही आता.”

दादानं छताकडं बघितलं.

तिनं दिराकडं बघितलं. दोघांच्या डोक्यात एकच होतं आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं. उद्या याचे डोळे मिटले, एकदा नाहीतर दोनदा, तर ते खरं कशावरून? आणि खरं असलं तरी डॉक्टरांना सांगणार कोण? कागदावर सही करणार कोण? काही झालं तरी पुठ्ठ्यावर पुन्हा तीच अक्षरं येणार. आणि कुणी काहीच केलं नाही तरी परवा पंधरा दिवस भरणारच.

थांबाशेठ उठला. बटणांचं खोकं टीव्हीवर ठेवलं, परत उचललं, वायर गुंडाळून कपाटात ठेवलं. मग बाहेर काढून पुन्हा टीव्हीवर ठेवलं. दुकानात आला. फळी पूर्ण उघडली.

फर्म्यावर ती अर्धी गुंडाळी तशीच होती. किती वेढे झाले होते? सत्तावीस? तीस? त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा आठवेना. त्यानं जरा वेळ तारेवरून बोट फिरवून मोजायचा प्रयत्न केला, एकावर एक बसलेले बारीक वेढे, नाही जमलं. मग हँडल उलटं फिरवून सगळी तार सोडवली. नख लावून तिचं पहिलं टोक फर्म्याला अडकवलं.

खाटेवरून दादा बघत होता. मशीन त्याला दिसावं म्हणूनच तर पडदा बांधला होता.

“एक. दोन. तीन.”

“भावोजी,” आतून वहिनी. “परवा डॉक्टरांना सांगायचं तरी काय?”

डावा पंजा वर गेला. “थांबा.”

ती थांबली. तार फिरत राहिली. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. तिथं हँडल क्षणभर अडलं. मग एक्कावन्न, बावन्न, आणि गिरणीची मोटार संध्याकाळी द्यायची होती.